हानेजीची बाजू

सोहारच्या सनाइयात, अल्युमिनियमच्या कारखान्यामागं,
बशीरच्या कॅफेटेरियात गुरुवारी रात्री
आमचा दरबार भरतो.
चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या, त्यातली एक लंगडी.
करक चहा, परोट्यात गुंडाळलेलं आमलेट,
आणि सईदच्या तडकलेल्या फोनवर
हानेजीचं नवं प्रकरण.

सईद सहज वाचतो, उजवीकडून डावीकडे.
"उलटे तुम्ही," म्हणतो, "ही आमचीच रीत."
मला पहिले सहा महिने
उत्तर आधी कळायचं, प्रश्न मागून.
तसं ऑफिसातही होतंच.

हानेजी म्हणजे बालराणीचा मुद्राधारी.
त्याच्या शिक्क्याशिवाय त्या राज्यात
धान्याचं पोतं हलत नाही, मुडदाही नाही.
एकसष्टाव्या प्रकरणात त्यानं
अकरा सरदारांच्या हद्दपारीवर शिक्का मारला.
चौकटीत चेहरा काढलेलाच नाही.
हात, शाई, आणि पेल्यातल्या चहावर
उताणी पडलेली माशी.
ती माशी पहिल्यांदा टेकबहादुरला दिसली.
त्याला अक्षरं जमत नसत, तो चित्रंच बघायचा,
म्हणून आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त बघायचा.

"फितूर आहे," जोसेलिन म्हणाली. ती स्टोअरला असते,
बोल्ट मोजून मोजून तिचा माणसांवरचा विश्वास उडालाय.
"नाही म्हणता आलं असतं त्याला."
सईद म्हणाला, "यादीत कोण आहे ते सोड,
कोण नाही ते बघ.
कुणाला तरी वाचवलंय त्यानं."
"असेल. मग त्याच्या जागी कोण गेलं?"

मी नेहमी हानेजीची बाजू घेतो.
त्या रात्री मी त्यांना 'ध चा मा' सांगितला:
धरावे असं लिहिलेलं, मारावे झालं,
एका अक्षरानं एक पोरगा गेला.
सईदला गोष्ट फार आवडली, दोनदा सांगायला लावली.
जोसेलिन म्हणाली, "अक्षर बदलणारं कोण?"
बाईचं नाव घेतात, मी म्हणालो,
पण तो कागद कुणाला सापडलेला नाही.
"कागद टाइप करणाऱ्याला विचारायचं,"
असं म्हणून ती हसली, आणि माझ्या ताटलीतला
परोट्याचा शेवटचा तुकडा उचलला.

मार्चमध्ये वरून यादी आली. अकराच नावं.
योगायोग आहे, त्यात काही नाही.
सातवं नाव तिचं होतं.
मॅनेजर नमाजाला गेलेला, एसी टपटप गळत होता,
आकडा बदलायचा नव्हता, नावाला कुणी विचारणार नव्हतं.
मी धरावे केलं की मारावे,
ते कुठल्या बाजूनं वाचता त्यावर आहे.

टेकबहादुर पुन, क्रेनचा हेल्पर, नऊ वर्षं सर्व्हिस.
माझ्या कपाटातून निघालेला स्वतःचा पासपोर्ट
त्यानं दोन्ही हातांनी घेतला,
प्रसाद घ्यावा तसा. कपाळाला लावला.
"दाइ, माशीचं काय झालं ते कळवा."

मी कळवलेलं नाही.
त्याचा नंबर बंद आहे, असं मी सईदला सांगितलंय.

आजच्या प्रकरणात बालराणी विचारते:
तेव्हा तुझ्या मनात काय होतं, हानेजी?
पुढच्या चौकटीत त्याच्या तोंडाशी
बोलण्याचा फुगा काढलाय, आत कोरा.
"छापायचं राहिलं असेल," सईद म्हणतो.
जोसेलिन दोन बोटांनी तो पांढरा गोल
मोठा करते, आणखी मोठा करते,
पडदाभर होईपर्यंत.

"तू बोल की त्याच्या वतीनं. नेहमी तर बोलतोस."

मी बशीरला हाक मारतो, अजून तीन चहा.
बशीर सवयीनं चार आणतो.
जोसेलिन लंगड्या खुर्चीवरची तिची बॅग उचलते,
पेला टेकवायला जागा करून देते.